व्हीएचएफचा आवाज कमी करणाऱ्यांसाठी

आज सकाळी गेटवेच्या जेट्टीवर एका बोटमालकाने हसत हसत सांगितले की, बंदरातून जाताना तो व्हीएचएफ, म्हणजे इतर जहाजांशी बोलायचा रेडिओ, बंदच ठेवतो, "त्या किरकिरीने पाहुण्यांचा मूड जातो." बोट सत्तर फुटांची, म्हणजे २० मीटरहून लांब. तेव्हापासून माझे डोके तापलेले आहे.

कारण दोन वर्षांपूर्वीचा तो रविवार. मित्राच्या अशाच बोटीवरून आम्ही मांडव्याहून परतत होतो. डेकवर गाणी, बशीत कांदाभजी, आणि अचानक उजव्या अंगाने भोंग्याचे पाच आखूड आवाज, म्हणजे धोक्याचा इशारा, पुन्हा पाच. न्हावा-शेव्याहून निघालेले कंटेनर जहाज इतके जवळ आले होते की नाळेवरच्या, म्हणजे पुढच्या टोकावरच्या, नावाखालचा गंजही दिसत होता. असे जहाज मैलभर पाण्यातही थांबत नाही आणि त्याच्या ब्रिजवरून, म्हणजे जहाज चालवायच्या खोलीतून, नाळेपुढचे ५०० मीटरपर्यंतचे पाणी दिसले नाही तरी ते नियमात बसते. त्यांनी आम्हाला चॅनेल १६ वर, म्हणजे हाका मारायच्या सामाईक चॅनेलवर, हाका मारल्या असणारच. ऐकणार कोण?

अमेरिकेत २० मीटर किंवा त्याहून लांब यांत्रिक बोटीने, ती हौसेची असली तरी, चालू असताना चॅनेल १३ (जहाजांनी आपसांत बोलायचे) आणि १६ वर कान ठेवायचाच असतो. मूळ कायदा १९७१ चा. त्याच वर्षी जानेवारीत सॅन फ्रान्सिस्कोच्या उपसागरात धुक्यात दोन तेलवाहू जहाजे धडकली होती. आपल्या दारात ७ ऑगस्ट २०१० रोजी चित्रा आणि खलिजिया ही जहाजे धडकली, कंटेनर पाण्यात तरंगले आणि बंदर काही दिवस ठप्प झाले, हे मुंबईकराला मी सांगायला हवे का?

चॅनेलवर फालतू गप्पा चालतात, हे मान्य. म्हणून कान बंद करायचे?

आणि आता लिहिता लिहिता राग जरा उतरला आहे, म्हणून खरे सांगतो: त्या रविवारी सेटचा आवाज मीच कमी केला होता. भजीचे तेलकट बोट त्या बटणावर उमटलेले मला नंतर दिसले. बोट चालवणाऱ्या तांडेलाने तेव्हा एकदा माझ्याकडे पाहिले होते, पण शेठच्या पाहुण्याला बोलणार कसे? भोंगा ऐकताच सुकाणू गरकन फिरवून आम्हाला बाजूला काढले ते त्यानेच, आणि बोलणी खाल्ली तीही त्यानेच. मी गप्प बसलो.

पुढच्या फेरीला तो स्वतःचा छोटा सेट गळ्यात अडकवून आला. आवाज पूर्ण सोडलेला होता. कोणीही त्याला कमी करायला सांगितले नाही.