न्यूयॉर्कचं विमान वळसा घालत नाही

खारघर-नेरूळच्या सोसायट्यांच्या ग्रुपवर सध्या एक मेसेज फिरतोय. विमानातल्या स्क्रीनचा फोटो, त्यावर मुंबई ते न्यूयॉर्क अशी वर फुगलेली रेष आणि खाली चार आरोप. कंपन्या मुद्दाम उत्तरेकडून फिरवून नेतात आणि जादा पैसे उकळतात. येताना वेळ कमी लागतो तो पृथ्वी फिरते म्हणून. हिशोबाने 14 तास होतात, तरी 16 लावतात. आणि तिकिटावर मात्र साडेपाचच तास दाखवतात. मुलं तिकडे असलेले कितीतरी आईवडील हे खरं धरून चाललेत, म्हणून हा खटाटोप.

वळशाचं आधी. घरात पृथ्वीगोल असेल तर शिवणाचा दोरा मुंबई आणि न्यूयॉर्कवर धरा आणि ताणा. दोरा आपोआप वर सरकतो. अफगाणिस्तान, रशिया, फिनलंड, आइसलंड करत ग्रीनलंडच्या दक्षिण टोकाजवळून खाली उतरतो. हाच सर्वांत जवळचा मार्ग, सुमारे 12,500 किलोमीटर. सपाट नकाशावर पट्टी ठेवून रेष मारली तर ती सौदी, इजिप्त, अल्जीरियावरून जाते आणि भरते जवळपास 14,200! ध्रुवांकडचा भाग या नकाशात ताणला जातो. त्यात ग्रीनलंड आफ्रिकेएवढं दिसतं. प्रत्यक्षात आफ्रिका त्याच्या 14 पट आहे. शिवाय भाडं काही किलोमीटरवर ठरत नाही आणि इंधन हा कंपनीचा सर्वांत मोठ्या खर्चांपैकी एक. लांबून नेऊन ती स्वतःचंच नुकसान कशाला करेल?

पृथ्वी फिरण्याचा मुद्दा तर स्वतःलाच खोडतो. पृथ्वी पश्चिमेकडून पूर्वेकडे फिरते. विमान मागे राहत असतं तर पश्चिमेचं न्यूयॉर्कच त्याच्याकडे चालत आलं असतं, म्हणजे जाताना वेळ कमी लागायला हवा होता. होतं उलटं. मुंबईची जमीन ताशी सुमारे 1,580 किलोमीटरने फिरते. तिच्यासोबत हवाही फिरते आणि धावपट्टीवरचं विमानही. फरक पडतो तो जेट स्ट्रीममुळे, म्हणजे उंचावरून पूर्वेकडे वाहणाऱ्या जोरदार वाऱ्यांमुळे. 9 फेब्रुवारी 2020 ला याच वाऱ्यांच्या जोरावर ब्रिटिश एअरवेजचं विमान न्यूयॉर्कहून लंडनला 4 तास 56 मिनिटांत पोचलं.

चौदा तासांचा हिशोब ताशी 900 धरून केलाय. तो वेग हवेच्या तुलनेत असतो. समोरून सरासरी 100 चा वारा लागला की साडेपंधरा तास इथेच झाले. वर गेट सोडून धावपट्टीपर्यंत जाणं, चढणं, उतरणं. शिवाय हवाई हद्दी बंद होतात. एप्रिल 2025 मध्ये पाकिस्तानने भारतीय विमानांना हद्द बंद केली, तेव्हा दिल्लीहून उत्तर अमेरिकेला निघालेल्या काही विमानांना इंधनासाठी व्हिएन्नाला उतरावं लागलं.

राहिले ते साडेपाच तास. तिकिटावरच्या दोन्ही वेळा त्या त्या गावच्या असतात. हिवाळ्यात न्यूयॉर्क आपल्यापेक्षा साडेदहा तास मागे असतं, उन्हाळ्यात साडेनऊ. जानेवारीत रात्री दीडला निघून सकाळी सातला उतरलात, तर प्रवास 16 तासांचा झाला. आईवडिलांना बसवून देताना त्यांच्या बीपी-शुगरच्या गोळ्या डॉक्टरांना विचारून याच 16 तासांच्या हिशोबाने हातातल्या बॅगेत ठेवा.