मनगट नव्हे, पान्याचा दांडा

इंदूरच्या मराठी घरांतल्या ग्रुपांवर सध्या एक मजकूर फिरतो आहे. मुलींना दुचाकी मेकॅनिक करायचा आग्रह धरू नका, असं त्याचं म्हणणं. कारणं पाच: कामाला पुरुषाची ताकद लागते, पेट्रोल-तेल बायकांच्या शरीराला बाधतं, केस, ओढणी, बांगड्या यंत्रात अडकतात, कायद्यानेच बायकांना यंत्रावर काम करायची मनाई आहे, आणि एवढं करून मुली वर्षभरात काम सोडतात. हा मजकूर पुढे पाठवणारी बरीचशी माणसं लेकीबाळींची काळजी असलेलीच आहेत. म्हणूनच एकेका मुद्द्याचं नीट उत्तर द्यायला हवं.

आधी ताकद, कारण बाकी सगळं तिच्यावरच टेकवलेलं आहे. 110 सीसी स्कूटरवर सर्वांत जास्त जोर मागणारा नट मागच्या चाकाचा. तो साधारण 110 ते 120 न्यूटन-मीटरवर (हे पिळायच्या जोराचं माप) आवळलेला असतो. पान्याचा दांडा 25 सेंटिमीटरचा असेल, तर टोकावर सुमारे 49 किलोचा भार द्यावा लागतो. दांडा अर्ध्या मीटरचा घेतला, की तेच काम साडेचोवीस किलोत होतं. पन्नास किलो वजनाची मुलगी नुसती अंग टाकून तो भार देऊ शकते. त्यासाठी चाक जमिनीवर टेकलेलं हवं, मागचा ब्रेक दाबून बांधलेला हवा आणि पान्याची गोटी, म्हणजे नटावर बसणारं सॉकेट, नटावर पूर्ण बसलेली हवी. दांडा नटाच्या डाव्या बाजूला आडवा ठेवायचा, म्हणजे खाली दाबलं की नट सैल होतो. वर ओढायचं नाही; ओढताना गोटी निसटली तर बोटांची सालटी निघतात आणि पाठीला हिसका बसतो. नट गंजलेला असेल तर गंज सोडवणारं तेल मारून पंधरा-वीस मिनिटं थांबायचं. थांबायला वेळ नाही म्हणून लोक जोर लावतात, नटाचे कोपरे झिजवतात, आणि मग छिन्नी-हातोडी निघते.

खरं तर या धंद्यात जास्त नुकसान जोर कमी पडल्याने होत नाही, जास्त लावल्याने होतं. इंजिन ऑइलचा ड्रेन बोल्ट, म्हणजे जुनं ऑइल काढायचा बोल्ट, इंजिनाच्या ॲल्युमिनियमच्या कवचात बसतो. त्याला पंचवीसेक न्यूटन-मीटर पुरतात. दणकट हाताने लांब पान्याने तो ‘एकदाच घट्ट’ केला, की आटे जातात. ते तिथे लगेच कळत नाही. पुढच्या ऑइल बदलाला बोल्ट आट्यांची भुकटी घेऊन बाहेर येतो. स्पार्क प्लगचंही तसंच. तो आधी बोटांनी शेवटपर्यंत फिरवायचा. मध्येच अडला तर वाकडा चाललाय असं समजून परत काढायचा. पूर्ण बसल्यावर नव्या प्लगला पान्याने सुमारे अर्धा फेरा. पहिल्या फेऱ्यापासून पाना लावणाऱ्याला वाकडा बसलेला प्लग हाताला कळतच नाही.

स्कूटर मेन स्टँडवर घेणं हा दुसरा नेहमीचा दाखला. शंभर-एकशे दहा किलोची गाडी बाई उचलणार कशी, असं विचारतात. ती उचलायची नसतेच. स्टँडचे दोन्ही पाय जमिनीला एकदम टेकले आहेत हे पायाने चाचपायचं, डावा हात हँडलवर, उजवा मागच्या दांडीला, आणि उजव्या पायाने स्टँडच्या पट्टीवर उभं राहायचं. गाडी मागे आपोआप चढते. एकच पाय टेकलेला असला तर ती कलंडते, आणि मग पैलवानालाही आवरत नाही.

आणि ज्या कामाने मेकॅनिक ओळखला जातो, ते टॅपेट सेट करणं, म्हणजे इंजिनाच्या व्हॉल्व्हजवळची फट जुळवणं, घ्या. तिथे मोजायची फट मिलिमीटरच्या दहाव्या भागाच्या आसपास असते. नेमका आकडा त्या गाडीच्या पुस्तकात पाहायचा. इंजिन पूर्ण थंड हवं. पिस्टन कॉम्प्रेशनच्या फेरीत वरच्या टोकाला आणायचा, म्हणजे दोन्ही व्हॉल्व्ह मोकळे असतात. फीलर गेजची (फट मोजायच्या पातळ पट्ट्यांच्या साधनाची) पाती फटीत थोडी अडत सरकली पाहिजे. लॉक नट आवळताना स्क्रू हमखास किंचित फिरतो, म्हणून आवळल्यावर पुन्हा मोजायचं. ही दुसरी मोजणी जो टाळतो, त्याची गाडी टिकटिक करत परत येते. फट कमी राहिली तर त्याहून वाईट: आवाज काहीच येत नाही, पण तापल्यावर गाडी सुरू व्हायला त्रास देते आणि एक्झॉस्ट व्हॉल्व्ह हळूहळू जळतो. यात मनगटाचा संबंध कुठे आहे?

पेट्रोल आणि तेल बाधतं, हे बरोबर आहे. पण ते पुरुषालाही बाधतं, आणि ती गोष्ट या मजकुरात गाळली आहे. पेट्रोलमध्ये बेंझिन हे विषारी रसायन असतं. रॉकेलने हात धुतले की कातडीतला ओलावा जातो, भेगा पडतात आणि वापरलेलं ऑइल आत शिरायला वाट मिळते. नायट्राइलचे हातमोजे घालावेत, हात साबणाने धुवावेत, पेट्रोलने पार्ट धुणं उघड्यावर करावं. ब्रेक ड्रमचा प्रकार तर आपल्या शहरात विशेष ध्यानात घ्यावा. पावसाळ्यात काळ्या मातीचा चिखल आणि रंगपंचमीच्या गेरीनंतर (रंगांच्या मिरवणुकीनंतर) गुलाल ड्रमच्या आत जाऊन ब्रेक लायनरच्या झिजेच्या भुकटीत मिसळतो. त्यावर कॉम्प्रेसरची हवा मारायची पद्धत सगळीकडे आहे, आणि ती बंद व्हायला हवी, कारण ती भुकटी थेट छातीत जाते. ओल्या फडक्याने पुसून फडकं टाकून द्यावं. गरोदरपणात बाईने पेट्रोलच्या वाफा आणि जड ओझी टाळावीत हे योग्यच. त्या महिन्यांत वायरिंगची तपासणी, जॉब कार्ड, पार्टचा हिशेब ही कामं तिच्याकडे देता येतात. नऊ महिन्यांच्या काळजीसाठी तीस वर्षांचा धंदा नाकारणं कोणाच्याच हिताचं नाही.

ओढणी आणि बांगड्यांबद्दल आमचं दुमत नाही. चालू चेनजवळ ओढणी म्हणजे अपघातच. पण उपाय कपड्यांत आहे: अंगाबरोबर बसणारी डांगरी, केस जाळीत, पायात बंद बूट. बॅटरीचा धोका लोकांना कमी ठाऊक असतो. बारा व्होल्टचा झटका बसत नाही, म्हणून लोक निर्धास्त राहतात. पण धातूची बांगडी किंवा अंगठी पॉझिटिव्ह टोक आणि गाडीची बॉडी यांच्यामध्ये आली, तर क्षणात लाल होऊन कातडी जाळते. म्हणून काढताना आधी निगेटिव्ह वायर, जोडताना ती शेवटी. मंगळसूत्र डांगरीच्या आत किंवा काढून खिशात; पुरुषांच्या हातातलं कडं आणि अंगठीही त्याच नियमाने उतरली पाहिजे.

कायद्याचा मुद्दा अर्ध्या माहितीवर उभा आहे. 1948 च्या कारखाना कायद्यात, कलम 22 मध्ये, चालू यंत्राचे काही भाग साफ करणं किंवा त्यांना तेल देणं स्त्रियांना मना होतं, आणि कलम 66 मध्ये सकाळी 6 ते संध्याकाळी 7 ही वेळेची चौकट होती. तो कायदा कारखान्यांचा; दोन-तीन माणसांच्या गल्लीतल्या गॅरेजला तो लागूच नव्हता. आता त्याच्या जागी 2020 ची व्यावसायिक सुरक्षा संहिता 21 नोव्हेंबर 2025 पासून लागू झाली आहे. तिचं कलम 43 सांगतं की स्त्रियांना सर्व आस्थापनांत सर्व प्रकारच्या कामावर घेता येतं, आणि रात्रीच्या कामासाठी त्यांची संमती व सुरक्षेची व्यवस्था हवी.

उरला शेवटचा मुद्दा, मुली सोडून जातात. काही जातात, हे मान्य. पण का जातात? साताऱ्याच्या सुरेखा यादव 1989 मध्ये रेल्वेत सहायक चालक म्हणून लागल्या आणि 2025 मध्ये निवृत्त झाल्या. तिथे ठरलेलं प्रशिक्षण होतं, ठरलेला पगार होता, ड्यूटीची वेळ लिहिलेली होती. गल्लीतल्या गॅरेजात यातलं काय असतं? मुलगा बाराव्या-तेराव्या वर्षी उस्तादाकडे ‘छोटू’ म्हणून लागतो, जे कायद्याने गुन्हा आहे, आणि पाने देत, पार्ट धुवत आठ-दहा वर्षांत हाताला ओळख होते. त्याला लोक उपजत अक्कल म्हणतात. मुलीला काही आठवडे फळ्यावर शिकवून थेट गिऱ्हाइकाच्या गाडीपुढे उभं केलं, तर पहिल्या अडकलेल्या बोल्टला ती घाबरणारच.

म्हणून गॅरेजमालकांना आमचं सांगणं: भंगारातलं एक शंभर सीसीचं इंजिन आणा आणि शिकणाऱ्या मुलीकडून ते निदान दहा वेळा पूर्ण उघडून बसवून घ्या, प्रत्येक वेळी बोल्ट काढल्या क्रमाने पुठ्ठ्यावर खोचून. मुद्दाम गंजवलेले आणि आटे गेलेले बोल्ट तिच्या हातून काढून घ्या. अर्ध्या मीटरचा दांडा, टॉर्क रेंच (किती जोराने आवळलं ते दाखवणारा पाना), फीलर गेज आणि मल्टिमीटर गॅरेजमध्ये सगळ्यांसाठी ठेवा. जवळच्या दुकानदाराशी बोलून कडी लागणाऱ्या शौचालयाची सोय करा. ती नसली की मुली दिवसभर पाणी पीत नाहीत, आणि दोन-तीन महिन्यांत आजारी पडून घरी बसतात. आणि सुटीची वेळ भिंतीवर लिहून ठेवा, रात्री नऊला आलेली गाडी सकाळी घ्या.