आकडे तेवढे शाबूत

रविवारी सकाळी मिसळ हाणून आल्यावर जरा लवंडावं म्हणून उशी हुडकत होतो, तेवढ्यात स्वयंपाकघरातनं हाक आली, "अहो, ऐकलासा काय? आपल्या लग्नातली आहेराची यादी काढा की. मामांच्या पोरीचं लग्न तोंडावर आलंय, त्यांनी आपल्याला काय घातलंवतं ते बघून मी ठरवतो." (आमच्या कोल्हापुरात बायका पण 'ठरवतो, येतो, जातो' असंच म्हणतात, पुण्याच्या वाचकांनी दचकू नये.)

आहेर हे प्रकरण ज्यांना माहीत नाही ते सुखी. पत्रिकेवर 'कृपया आहेर आणू नयेत' असं छापलेलं असतं पण ते कुणी मनावर घेत नाही, आणि घातलेला आहेर फेडायचा असतो, कमी फेडला तर पुढची वीस वर्षं प्रत्येक बारशाला ऐकून घ्यावं लागतं. म्हणून घरोघरी लाल कापडी बांधणीची एक वही असते. आमच्याकडं नाही. कारण २००२ साली लग्नात मी हट्टानं ती यादी कॉम्प्युटरवर केली होती. "वहीला वाळवी लागती, कॉम्प्युटरला काय लागत नाही," असं मी हॉलवर चारचौघांत बोललो होतो आणि आमच्या आत्यानं ते वाक्य अजून जपून ठेवलंय. माझ्या फायलीपेक्षा चांगलं जपलंय.

मी तीस वर्षं या मशीनच्या नादात आहे. राजारामपुरीत एका क्लासला जाऊन डॉस (विंडोजच्या आधीचं, काळ्या स्क्रीनवर आज्ञा टाईप करायचं ते) शिकलो तेव्हा फायलीचं नाव आठ अक्षरांच्या वर ठेवता येत नव्हतं, पुढं टिंब आणि तीन अक्षरं, संपला विषय. गेममध्ये आवाज यावा म्हणून 'सेट ब्लास्टर ए २२० आय ५ डी १' हे आम्ही स्तोत्रासारखं पाठ केलं होतं आणि ६४० केबी मेमरीतली चार-पाच केबी वाचवायला रात्र रात्र कॉन्फिग फाईल खरवडत बसायचो. गल्लीत कुणाचा प्रिंटर अडला, कुणाचं वायफाय गेलं, तर अजून मलाच हाक असते. तर असल्या माणसाला एक यादी काढायची होती. पाच मिनिटांचं काम.

यादी सीडीवर होती. सीडी सापडली, मार्करनं लिहिलेलं 'लग्न + गेम्स' पण वाचता येत होतं. पोराचा गेमिंगचा पीसी बघितला तर त्याला पुढं काच, आत पंखे, पंख्यात दिवे, गणपतीच्या डेकोरेशनसारखं सगळं आहे फक्त सीडी घालायला जागा नाही. पोरगं म्हणतंय, "पप्पा, सीडी म्हणजे गाण्याची काय?" मग फोटोग्राफर मित्राकडनं बाहेरनं जोडायचा ड्राइव्ह आणला. त्याची वायर त्याच्याकडं नव्हती. आमच्या घरात वायरींचा एक आख्खा बॉक्स आहे, त्यातनं अकरा यूएसबी वायरी निघाल्या आणि ड्राइव्हला लागत होती ती जुनी मिनी यूएसबी, ती एक सोडून सगळ्या होत्या. १९९६ ला ही यूएसबी आली तेव्हा नावातच युनिव्हर्सल घातलंवतं बरं का, म्हणजे सगळ्याला एकच. मग ए आली, बी आली, मिनी आली, मायक्रो आली, सी आली. शेवटी २०२४ च्या डिसेंबरात युरोपियन युनियननं कायदा लावून मोबाईलवाल्यांना एका पिनेवर आणलं. भावकीचा वाद असाच असतोय, आपसात मिटत नाही, कोर्टात गेल्याशिवाय.

वायर मिळाली. सीडी घरघरली, तीन ठिकाणी अडखळली, पण उघडली. दोन फोल्डर, 'गेम्स' आणि 'आहेर'.

आधी कुठलं उघडलं असेल? बायको गॅसजवळ होती, म्हणून गेम्स.

तिथं माझा सगळा तरुणपणा होता. डेव्ह होता, डूम होता, प्रिन्स ऑफ पर्शिया होता. हे गेम आजच्या विंडोजवर थेट चालत नाहीत, त्याला डॉसबॉक्स नावाचं एक फुकट सॉफ्टवेअर लागतं, जे जुनं मशीन असल्याचं सोंग घेऊन बसतं. हे डॉसबॉक्स पण २००२ चंच. म्हणजे आमचं लग्न आणि डॉसबॉक्स एकाच वर्षीची, आणि दोन्ही अजून चालू आहेत, दोन्हींत मी जुनं मशीन असल्याचं सोंग घेतो. एंटर मारला आणि प्रिन्स पळाला! तोच पायजमा, तीच करवती दारं, राजकन्येला सोडवायला तोच एक तास. बोटांना सगळं आठवत होतं. 'मेगाहिट' टाकून चीटिंग करायची ते पण. मागनं पोरगं आलं, दोन मिनिटं बघितलं आणि म्हणालं, "अपडेट नाही मागितलं?"

खरंच नाही मागितलं की! आणि इथं माझं जरा मत आहे ते सांगून टाकतो. पोराचा गेम शंभर जीबीच्या वर आहे. फ्लॉपीत मोजलं तर सत्तर हजारांच्या आसपास फ्लॉप्या, लावायच्या म्हटलं तर रंकाळ्याला कठडा होईल. शनिवारी संध्याकाळी हे कार्टं खेळायला बसतं तेव्हा आधी लाँचर अपडेट होतो, मग गेम, मग ग्राफिक्स कार्डाचा ड्रायव्हर, मग लॉगिन, मग ओटीपी माझ्या मोबाईलवर येतो आणि मोबाईल असतो आईकडं. आणि कंपनीनं सर्व्हर बंद केला की पैसे देऊन घेतलेला गेम त्या दिवशी मेला. माझा प्रिन्स एका फ्लॉपीत मावत होता आणि आज पळतोय. डूम १९९३ चा, त्याचा सोर्स कोड १९९७ ला सगळ्यांसाठी खुला केला आणि तेव्हापासून लोकांनी तो कशाकशावर चालवून दाखवलाय, प्रिंटरच्या बारक्या स्क्रीनवर सुद्धा. मी विकत न घेतलेले गेम शाबूत (त्या काळी कोण विकत घेत होतं हो, फ्लॉपी फिरायची), तर कष्टानं टाईप केलेली यादी शाबूत असणारच, असा मला भाबडा विश्वास होता.

'आहेर' उघडलं.

पहिल्या ओळीत इंग्रजी अक्षरं, त्यांच्या डोक्यावर दोन-दोन टिंबं, मध्येच पौंडाचं चिन्ह, मध्येच उलटं प्रश्नचिन्ह, आणि शेवटी १०१. दुसरी ओळ, तसाच चिखल, शेवटी ५१. तिसरी, चिखल, २५१. मी खालपर्यंत गेलो. एकशे अठ्ठ्याऐंशी ओळी. आकडे सगळे शाबूत, नाव एकही नाही. म्हणजे आपल्याला कुणीतरी १००१ घातलेत आणि कुणीतरी ११ घातलेत एवढं पक्कं कळत होतं, फक्त कोण ते कळत नव्हतं. बायको टॉवेलला हात पुसत आली, स्क्रीनकडं बघितलं आणि म्हणाली, "अकरा कुणी घातलं ओ?" तिला बरोबर तीच ओळ दिसली.

झालंवतं काय, तर त्या काळी मराठी फॉन्ट म्हणजे एक फसवणूक असायची. आत साठवलेलं असायचं इंग्रजीच, वरनं नुसतं मराठीचं चित्र डकवलेलं. फॉन्ट काढला की मराठी गेली. आणि प्रत्येक कंपनीचं डकवणं वेगळं, एकाचा 'क' तो दुसऱ्याचा 'ळ'. युनिकोडचं पहिलं व्हर्जन १९९१ ला आलंवतं, त्यात देवनागरीला १२८ घरांचं आख्खं स्वतंत्र खोपटं बांधून दिलंवतं, प्रत्येक अक्षराला एकच नंबर, जगात कुठंही जावा. पण माझ्या विंडोज ९८ ला त्याचा पत्ता नव्हता. पुढं एक्सपीत सुद्धा सेटिंगात जाऊन एक टिक मारायला लागायची आणि मग ते मशीन विंडोजची सीडी मागायचं. कोण मारतंय टिक.

माझे चुलते, आण्णा, त्यांचा उद्यमनगरात लेथ आहे. त्यांना मी ही कर्मकहाणी सांगितली. त्यांनी काही न बोलता एका डब्यातनं नट काढला, दुसऱ्या डब्यातनं बोल्ट काढला आणि फिरवला. बसला. "दहाचा नट," म्हणाले, "आटा दीड एमएम. ह्यो मी केलाय, बोल्ट कुणी केलाय मला म्हाईत न्हाई. तो मला वळखत न्हाई, मी त्याला वळखत न्हाई. तरी बसतोय का न्हाई?" मी म्हटलं बसतोय. मग त्यांनी जुन्या ऑइल इंजिनाचा, इंचाच्या मापातल्या आट्याचा बोल्ट काढला, त्याच्यावर तोच नट चढवायला गेले, एक फेरा गेला आणि अडकला. "आन् ही तुझी यादी." साहेबांच्या देशात १८४१ ला व्हिटवर्थ नावाच्या माणसानं सांगितलं की बाबांनो आट्याचा कोन सगळ्यांनी ५५ अंशच धरा, आणि आता एमएमचा ६० आहे. पण कुठला आटा ते बोल्ट बघून, गेज लावून कळतं तरी. माझ्या फायलीवर तेवढंही लिहिलेलं नव्हतं, कारण जागा वाचावी म्हणून मी ती नोटपॅडमध्ये साधी टेक्स्ट करून ठेवलेली. २०० एमबी मोकळी असलेल्या सीडीवर सहा-सात केबीची फाईल, तिथं मी जागा वाचवली.

मग लक्ष्मीपुरीतला डीटीपीवाला दोस्त. त्याच्याकडं जुनं मशीन अजून आहे, प्रिंटरच्या पोर्टाला डोंगल, म्हणजे सॉफ्टवेअरची चावी, लावलेलं, त्याच्यावर उदबत्ती सुद्धा ओवाळत असेल.

"फॉन्ट कुठला होता मर्दा?"

"मराठी."

"मराठी फॉन्ट नसतोय, भाषा असतीया. फॉन्टचं नाव काय?"

ते कुणाला आठवतंय. तो एकेक फॉन्ट लावून बघत गेला, यादी दर वेळी नव्या भाषेत बोलायला लागली, एकदा तर नुसत्या अनुस्वारांची रांग आली, आणि नवव्या का दहाव्या फॉन्टला ओळखीचं काहीतरी चमकलं. मग कन्व्हर्टर, म्हणजे जुन्या फॉन्टातलं युनिकोडात आणणारं सॉफ्टवेअर. जुन्या फॉन्टात जे डोळ्याला दिसतं त्या क्रमानं टाईप केलेलं असतं, म्हणजे पहिली वेलांटी आधी आणि अक्षर मागनं, रफार सगळ्यात शेवटी. युनिकोडात उच्चाराचा क्रम. कन्व्हर्टरनं ही अदलाबदल करायची असते, त्यानं ती मूड लागेल तशी केली. शिंद्यांचे 'शंिदे' झाले, कुलकर्ण्यांचे 'कुलकणीर्'. खाली लग्नाचा खर्च होता, तिथं 'आचाऱ्यांना अ‍ॅडव्हान्स २०००' असं मी लिहिलंवतं, त्यातला अर्धा र आडवा पडायचा तो उभा राहिला आणि 'आचार्यांना अ‍ॅडव्हान्स २०००' झालं. बायको म्हणाली, "भटजींना इतकं दिलंवतं?" आणि तो अ‍ॅ! तो टाईप करायच्या दोन पद्धती आहेत, दिसायला डिट्टो सारख्या आणि आतनं वेगळ्या, एकानं लिहिलेला शोधताना दुसऱ्यानं सापडत नाही. दोस्त म्हणाला यावर बोलू नकोस, माझं बीपी वाढतंय.

एवढं करून हातात काय आलं? 'पाटील १०१'. 'पाटील ५१'. 'पाटील (वरचे) २५१'. एकूण अकरा पाटील. नावं पूर्ण कशाला लिहायची, आपलीच माणसं, असं तेव्हा वाटलंवतं. यात युनिकोडचा काय दोष नाही, ते मान्य. पण मामा त्या यादीत कुठंच नव्हते. ना शाबूत, ना मोडके. आता मामांनी काही घातलंच नव्हतं असं धरायचं की माझी फाईल अर्धवट असं धरायचं, यावर घरात दोन दिवस गरमागरमी. फायलीच्या बाजूनं मी एकटाच.

तिसऱ्या दिवशी सकाळी दूध उतू गेलं. बायकोनं पातेलं उतरवलं, पुसलं, आणि पुसता पुसता थांबली. काठाखाली, टिंबाटिंबांनी, त्या भांडीवाल्याच्या टकटक मशीननं घातलेलं: 'मा. शं. पा. यांजकडून सप्रेम भेट, १२-५-०२'. मामांनी रोख घातलंच नव्हतं! मी यादीत नुसते रोख पैसे घेतले होते. मग माळ्यावरनं सगळी भांडी खाली काढली, तांबे, डबे, परात, हंडा, आणि मी जमिनीवर बसून एकेक फिरवून वाचत होतो. जागा कमी म्हणून भांडीवाल्यानं पण नावं तोडली होती, अगदी माझ्या डॉसच्या आठ अक्षरांसारखी, पण वाचता येत होती. तेवीस वर्षं रोज घासून सुद्धा. बायकोनं यादी मागितली तेव्हा ती याच पातेल्यासमोर उभी होती.

लग्न झालं. हॉलवर आहेराच्या टेबलाला मामांनी मलाच बसवलं, "तू कॉम्प्युटरचा माणूस." टेबलावर क्यूआर कोड चिकटवलेला आणि शेजारी मामांच्या किराणा दुकानातला तो बोलणारा डबा आणून ठेवलेला. यूपीआय मला मनापासून आवडतं बरं का, २०१६ पासून बघतोय, कुणाचं ॲप, कुणाची बँक, कुणाचा कोड, आण्णांच्या नटबोल्टासारखं बसतं. मी टॅबलेटवर यादी उघडून, युनिकोड, नाव-गाव वेगळे रकाने, दोन ठिकाणी बॅकअप, असा सज्ज बसलो. आत्या शेजारच्या खुर्चीवर, मांडीवर लाल वही.

अक्षता पडल्या आणि गर्दी उसळली. लोक लांबनंच मोबाईल दाखवून स्कॅन करून पंगतीकडं पळायला लागले.

"पाचशे एक रुपये मिळाले," डबा म्हणाला.

मी मान वर करून बघितलं, समोर सात जण, सगळे मोबाईल खिशात घालत होते. मोबाईलवर बघितलं तर कुणाच्या दुकानाचं नाव, कुणी बायकोच्या खात्यातनं टाकलेलं, कुणी पोराच्या.

"दोनशे एक्कावन्न रुपये मिळाले."

"अकरा रुपये मिळाले."

आत्यानं वही उघडली, पेनाचं टोपण दातानं काढलं आणि माझ्याकडं बघून म्हणाली, "हं, सांग. कुणाचं?"