सैतानाने नाही, शेजाऱ्याने शिकवलं

भाच्याने नुकतीच गिटार हातात घेतली आहे आणि आमच्या ताईला तिच्या भिशीच्या ग्रुपवर एक फॉरवर्ड आलाय. ब्लूज, म्हणजे अमेरिकेतल्या काळ्या लोकांचं गाणं-वाजवणं, म्हणे सैतानाचं संगीत. रॉबर्ट जॉन्सन या ब्लूज गिटारवादकाने चौरस्त्यावर आत्मा विकून ते मिळवलं, नाहीतर अडाणी मजुरांना शिकवणार कोण? जूक जॉइंट, म्हणजे जिथे हे संगीत वाजतं ते काळ्या लोकांचे अड्डे, हे निव्वळ दारूचे गुत्ते आणि ती परंपराही केव्हाच मेली, उरलंय ते पर्यटकांसाठीचं नाटक.

‘शिकवणार कोण’ हे वाक्य सगळ्यात संतापजनक. जॉन्सनला शिकवणाऱ्याचं नाव आहे आइक झिमरमन. जॉन्सन त्याच्या घरी राहिला. दोघं रात्री कबरस्तानात जाऊन वाजवत, हे झिमरमनच्या मुलीनेच सांगितलंय. सैतान नाही, रियाज!

अमेरिकेच्या मिसिसिपी राज्यातल्या बेंटोनिया या चिमुकल्या गावात तर सरळ घराणंच आहे. हेन्री स्टकीकडून तिथली वादनपद्धत स्किप जेम्स आणि जॅक ओवेन्सकडे आली आणि त्यांच्या पुढच्या पिढीत जिमी ‘डक’ होम्सकडे. होम्स ओवेन्सच्या समोर बसून, त्याची बोटं बघत शिकला. नोटेशन नाही, पुस्तक नाही. गिटारच्या सहा तारा डी-ए-डी-एफ-ए-डी या स्वरांत लावायच्या, की डाव्या हाताचं एकही बोट न टेकवता नुसत्या तारा छेडल्या तरी मायनर कॉर्ड, म्हणजे उदास वाटणारा स्वरमेळ, वाजते. ती उदासी तिथून येते. ज्याला हे सैतानी वाटतं त्याने आधी एकदा गिटार तशी लावून बघावी.

गुत्ते? दारू विकली जायची, नाही कोण म्हणतंय. पण होम्सच्या आईवडिलांनी, कॅरी आणि मेरी यांनी, 1948 मध्ये उघडलेल्या ‘ब्लू फ्रंट कॅफे’ या जूक जॉइंटसमोर मिसिसिपी ब्लूज ट्रेलचा, म्हणजे ब्लूजच्या जागांचा इतिहास सांगणारा, फलक आहे, तो वाचा. वर्णभेदाच्या काळात गावात रात्री दहानंतर संचारबंदी असे. तरीही कापसाच्या हंगामात जिनिंगच्या पाळ्यांमधल्या मजुरांसाठी हे कॅफे कधी कधी चोवीस तास उघडं राहायचं. तिथे गरम जेवण मिळायचं, वाणसामान मिळायचं, केससुद्धा कापून मिळायचे. दिवसभर राबलेल्या काळ्या माणसाला गावात टेकायला दुसरी जागा होती कुठे?

सैतान गाण्यांत येतो, हे मान्य. स्किप जेम्सच्या 1931 च्या एका गाण्यात तो आहेच आणि चर्चला जाणारी काळी मंडळीही ब्लूजला नाकं मुरडत. पण नरकाचं नाव काढणारे अभंग आपल्याकडेही आहेत, म्हणून तुकोबांवर कुणी करारनाम्याचा आळ घेत नाही.

राहता राहिलं ‘मेली’. जूक जॉइंट बंद पडतायत, हे खरंय. विली सीबेरी 2016 मध्ये गेला आणि मेरिगोल्डजवळचं त्याचं ‘पो मंकीज’ बंद झालं. पण ‘ब्लू फ्रंट’ 1970 पासून होम्सच्या हातात आहे. गावचा ब्लूज महोत्सव 1972 पासूनचा. आणि होम्सच्या 2019 च्या अल्बमला ग्रॅमीचं नामांकन मिळालं, तेव्हा हा ‘मेलेल्या’ परंपरेचा माणूस सत्तरी ओलांडून बसला होता. पर्यटक येतात, येऊ देत. ते येण्याआधीही तिथे गिटार वाजत होतीच.