शेजारच्या टेबलावरचा गाइड

विद्यापीठात शिकवणाऱ्यांनी त्याच विद्यापीठातून पदवी घेऊ नये, असं म्हणणाऱ्यांशी मी निम्माच सहमत आहे. माझा आक्षेप विद्यापीठाला नाही, विभागाला आहे. भौतिकशास्त्राच्या मॅडमनी एम.एड. केलं, ग्रंथपालांनी इतिहासात पीएचडी केली, संगणकशास्त्राच्या सरांनी संध्याकाळी बसून एमबीए केलं, तर खुशाल करावं. वर फीमध्ये सवलतही द्यावी. पण जिथं सर रोज शिकवतात त्याच विभागात, शेजारच्या टेबलावरच्या सहकाऱ्यालाच आपला गाइड, म्हणजे मार्गदर्शक, नेमून पीएचडी करायची, हे मला पटत नाही.

हे म्हटलं की समोरच्याला वाटतं, मी 'आपलाच माणूस आहे, देऊन टाका' या प्रकाराबद्दल बोलतोय. तो प्रकार असतोच, पण त्याला बांध घालायचे मार्ग जुने आहेत. आपल्याकडे यूजीसीच्या (विद्यापीठ अनुदान आयोगाच्या) २०२२ च्या नियमांप्रमाणे प्रबंध किमान दोन बाहेरच्या परीक्षकांकडे जातो, मग उमेदवार कुणीही असो. ब्रिटनमधल्या अनेक विद्यापीठांत एरवी एक परीक्षक आतला आणि एक बाहेरचा असतो, पण उमेदवार तिथलाच कर्मचारी असला तर दोन्ही बाहेरचे घ्यावे लागतात. तिथल्या काही विद्यापीठांनी तर आधी छापून आलेल्या संशोधनावर पीएचडी देण्याची सोय फक्त स्वतःचे कर्मचारी आणि माजी विद्यार्थी यांच्यासाठीच ठेवली आहे. म्हणजे घरच्या माणसाला पदवी देणं हे काही पाप मानलेलं नाही. परीक्षक घरचा नको, एवढंच. (आता बाहेरच्या परीक्षकांची नावं सुचवतं कोण, हा प्रश्न विचारून मी कुणाचा दिवस खराब करत नाही.)

पण परीक्षा ही अगदी शेवटची गोष्ट झाली. त्याआधीच्या चार-पाच वर्षांचं काय?

विभागाची बैठक डोळ्यांसमोर आणा. गाइड मॅडमनी एमएच्या दुसऱ्या वर्षाला एक नवा पेपर सुचवलाय. सरांना तो पेपर कालबाह्य वाटतो, आणि त्यांचं म्हणणं बरोबरही आहे. पण त्यांचं तिसरं प्रकरण दोन महिने मॅडमच्या टेबलावर पडून आहे. सर हात वर करतील? मॅडम मनानं कितीही मोठ्या असल्या, विरोध सहन करणाऱ्या असल्या, तरी सर गप्पच बसतील. त्यात भ्रष्टाचार काही नाही, कुणी कुणाला धमकावलेलंही नाही. तरी विभागातलं एक मत काही वर्षांसाठी गेलं. अभ्यास मंडळ, वर्कलोडची वाटणी, कुणाला कुठला वर्ग, नव्या जागेसाठी कुणाचं नाव, सगळीकडे हेच. अशी दोन-तीन मतं गेली की विभाग एका माणसाच्या मर्जीनं चालायला लागतो, आणि नियम मोडला म्हणावं असं कागदावर काहीच सापडत नाही.

उलटं झालं तर अवस्था आणखी वाईट. विभागप्रमुखांची पीएचडी राहून गेलेली असते आणि ते विभागातल्याच एका ज्युनिअर सहायक प्राध्यापकाकडे नाव नोंदवतात. त्या सहायक प्राध्यापकाच्या पदोन्नतीचा अर्ज वर जातो तो प्रमुखांच्या सहीनं. आता प्रमुखांचा सिनॉप्सिस, म्हणजे संशोधनाचा आराखडा, कच्चा आहे, हे त्याला दिसतंय. 'सर, हे पुन्हा लिहा' असं तो कुठल्या तोंडानं म्हणणार? तो दोन स्पेलिंगं दुरुस्त करून परत देईल. दर सेमिस्टरला प्रगती तपासणारी सल्लागार समिती असते, पण तिच्यातही बहुधा विभागातलेच लोक असतात. आपल्याच प्रमुखांची प्रगती असमाधानकारक आहे, असा शेरा मारणारा सदस्य मी तरी अजून पाहिलेला नाही.

विद्यार्थ्यांची बाजू तर कुणी मांडतच नाही. नियमाप्रमाणे प्राध्यापकाकडे ८, सहयोगी प्राध्यापकाकडे ६ आणि सहायक प्राध्यापकाकडे ४ पीएचडीचे विद्यार्थी एका वेळी असू शकतात. चारातली एक जागा सहकाऱ्यानं घेतली की प्रवेश परीक्षा देऊन रांगेत उभ्या असलेल्या मुलांसाठी तीनच उरतात. आणि ज्यांना जागा मिळते त्यांनी सेमिनारमध्ये 'सहविद्यार्थी' सरांची मांडणी खोडायची, जे सर त्यांना गेल्या वर्षीपर्यंत गुण देत होते! एक मान्य करतो. सर कोर्सवर्कला बाकावर बसले, सबमिशनच्या तारखेमागे धावले, तर शिक्षक म्हणून ते सुधारतात. पण हा फायदा दुसऱ्या विभागात बसूनही मिळतोच की.

सरसकट बंदी हवी म्हणणारे परदेशांचे दाखले देतात. १८६९ पासून १९०९ पर्यंत हार्वर्डचे अध्यक्ष असलेल्या चार्ल्स एलियट यांनी आपल्याच पदवीधरांमधून प्राध्यापक निवडण्यातला धोका १९०८ मध्येच लिहून ठेवला होता. जर्मनीत स्वतःच्याच विद्यापीठातल्या माणसाला प्राध्यापकपदावर नेमणं हा अपवाद मानला जातो. पण हे दोन्ही दाखले नोकरीचे आहेत. नोकरीत असताना पदवी घेणं हा वेगळा प्रश्न आहे, आणि या दोन्हींची भेळ करून चर्चा केली की हाती काहीच लागत नाही. आपल्या प्रश्नाशी खरा संबंध आहे तो अमेरिकेतल्या अनेक विद्यापीठांच्या नियमाचा: असिस्टंट प्रोफेसर आणि त्यावरच्या माणसाला तिथंच पदवीसाठी नाव नोंदवता येत नाही. काही ठिकाणी दुसऱ्या विभागात परवानगी मिळते. खालच्या पदांवर, कंत्राटी शिकवणाऱ्यांवर बंधन बहुधा नसतं.

ही शेवटची सूट मला महत्त्वाची वाटते. कायम प्राध्यापकाला अभ्यास रजा मिळते, पगार चालू राहतो, तो दुसऱ्या गावी जाऊ शकतो. तासिका तत्त्वावर शिकवणाऱ्याला रजा म्हणजे थेट उपाशी राहणं. त्याला 'बाहेर जाऊन कर' म्हणणं म्हणजे 'करू नकोस' म्हणणंच आहे. आणि विभागाच्या बैठकीत त्याला मत असतंच कुठं, की ते दबेल? त्याच्यापुरता माझा आक्षेप मी मागे घेतो.

शिवाय लोक घाईनं जवळच्या दारात शिरतात, याला धोरणही कारणीभूत आहे. यूजीसीच्या २०१८ च्या नियमांत विद्यापीठ विभागांत सहायक प्राध्यापक व्हायला जुलै २०२१ पासून पीएचडी सक्तीची केली, मग ती तारीख पुढे ढकलली, आणि २०२३ मध्ये सक्तीच काढून टाकली. सहयोगी प्राध्यापक व्हायला मात्र ती लागतेच. डोक्यावर अशी तारीख टांगली की माणूस विषयाला साजेसा गाइड शोधत नाही, रिकामी जागा शोधतो.

यात नुकसान होतं ते मनापासून काम करणाऱ्याचं. त्याचा प्रबंध उत्तम असला तरी 'घरातच केली ना?' हे त्याला निवृत्तीपर्यंत ऐकावं लागतं, आणि त्यावर दाखवायला पुरावा नसतो.

विभागातच करायची असेल तर निदान सहमार्गदर्शक बाहेरचा घ्या, नियमात तशी सोय आहे. सल्लागार समितीत दुसऱ्या विभागाचा, जमल्यास दुसऱ्या विद्यापीठाचा माणूस बसवा. गाइडच्या पदोन्नतीचा, रजेचा, वर्कलोडचा कागद उमेदवाराच्या हातून जाऊ देऊ नका. आणि उमेदवार प्रमुख असेल, तर पदवी हातात पडेपर्यंत प्रमुखपद दुसऱ्याकडे द्यावं. तेवढंही सुटत नसेल, तर साहेबांनी शेजारच्या विद्यापीठाचा प्रवेश अर्ज भरावा.