दप्तराने कणा वाकडा होत नाही, मालिशने सरळ होत नाही

शाळा उघडायच्या सुमारास एक मजकूर व्हॉट्सअ‍ॅपवर फिरू लागतो. सोबत एका मुलीच्या पाठीचा एक्स-रे, कणा सापासारखा वळलेला. म्हणणं थोडक्यात असं: जड दप्तरामुळे आणि मोबाइलवर वाकून बसल्यामुळे मुलांना स्कोलिओसिस, म्हणजे कण्याला बाजूला बाक, होतोय. रोज तेल लावून मालिश, भुजंगासन आणि जाणकाराकडून हाड बसवून घेतलं की तीन महिन्यांत कणा सरळ. डॉक्टरांचा ब्रेस (धडाभोवती बांधायचा कडक प्लास्टिकचा आधार) लावू नका, स्नायू दुबळे होतात. ऑपरेशन तर नकोच, मुलगी अधू होते, पुढे बाळंतपण अडतं. आणि घाबरू नका, वयात आली की बाक आपोआप जातो.

एक्स-रे खरा असेल. त्याखालच्या मजकुराचं मात्र कठीण आहे. त्यातलं शेवटचं, धीर देणारं वाक्यच सर्वांत घातक आहे, म्हणून आधी तेच घेऊ.

वयात येताना बाक जात नाही, वाढायचा असेल तर नेमका तेव्हाच वाढतो. उभं राहून काढलेल्या एक्स-रेवर कणा बाजूला १० अंश किंवा त्याहून जास्त कलला असेल तर त्याला स्कोलिओसिस म्हणतात. हे मोजमाप म्हणजे रिपोर्टात लिहिलेला कॉब अँगल. किशोरवयात शंभरातल्या दोन-तीन मुलांना इतका बाक असतो, आणि बहुतेकांना कधीच काही करावं लागत नाही. पण ज्यांचा वाढतो त्यांचा उंचीबरोबर वाढतो. मुलींची उंची सर्वांत भराभर वाढते ती पाळी सुरू होण्याच्या आधीच्या काही महिन्यांत. त्यानंतर दोनेक वर्षांत वाढ जवळजवळ थांबते. तेव्हा बाक ३० अंशांच्या आत असेल तर सहसा तिथेच राहतो. ५० च्या पुढे गेला असेल तर उंची थांबल्यावरही वर्षाला साधारण एक अंश या गतीने वाढत राहू शकतो.

डॉक्टरही कधीकधी ‘थांबू या’ म्हणतात. पण त्या थांबण्यात दर चार-सहा महिन्यांनी तपासणी असते. फॉरवर्डमधल्या थांबण्यात ती नसते. आणि याच वयात मुलीची पाठ घरात कुणाला दिसेनाशी होते. ती आपली आपण आंघोळ करते, आईला पाठ दाखवायला लाजते. पुष्कळदा पहिल्यांदा लक्षात येतं ते ड्रेसचं माप घेणाऱ्या टेलरच्या, एक बाजू लांब भरते म्हणून. घरी बघायचं तर सोपं आहे: पाय जुळवून, गुडघे न वाकवता, हात खाली सोडून पुढे वाकायला सांगा आणि मागून पाहा. एका बाजूच्या बरगड्या वर आलेल्या दिसल्या तर दाखवून घ्या. इंग्लंडमधल्या विल्यम अ‍ॅडम्स या सर्जनने १८६५ साली सांगितलेली ही तपासणी आजही पहिली तपासणी आहे.

आता दप्तर. दप्तराचा राग मीही धरतो. २०१५ साली राज्य सरकारने त्याचं वजन मुलाच्या वजनाच्या दहा टक्क्यांपेक्षा जास्त नको असं ठरवलं, ते योग्यच झालं. जड दप्तराने पाठ दुखते, खांदे भरून येतात. पण स्कोलिओसिस त्यामुळे होतो याला पुरावा नाही. दप्तर मुलगे आणि मुली सारखंच उचलतात, पण ३० अंशांवरच्या बाकांत मुलींची संख्या मुलग्यांच्या कितीतरी पट असते. एकसारख्या जुळ्यांपैकी एकाला असेल तर दुसऱ्यालाही असण्याची शक्यता वेगळ्या दिसणाऱ्या जुळ्यांपेक्षा बरीच जास्त असते, म्हणजे मूळ आनुवंशिकतेत आहे. एकच जनुक दाखवून ‘हे कारण’ म्हणता येत नाही, म्हणून या प्रकाराला ‘कारण अज्ञात असलेला’ म्हणतात. इंग्लंडचा राजा तिसरा रिचर्ड १४८५ साली लढाईत मारला गेला. त्याचा सांगाडा २०१२ साली लेस्टरमध्ये एका कार पार्कखाली सापडला. त्याच्या कण्याचा बाक ६५ ते ८५ अंशांच्या दरम्यान असावा आणि तो दहाव्या वर्षानंतर सुरू झाला असावा, असं अभ्यासकांनी काढलं. त्याच्या पाठीवर दप्तर नव्हतं. मोबाइलचंही तेच. वाकून बसल्याने माणूस पुढे झुकतो. इथे कणा बाजूला जातो आणि शिवाय, पिळलेल्या पंच्यासारखा, स्वतःभोवती फिरतोही.

दप्तराच्या या गोष्टीने आणखी एक होतं. आई स्वतःला दोष देत बसते, आणि दप्तर हलकं केलं की काम झालं असं वाटून दवाखाना मागे पडतो.

मालिशने सरळ झालेल्यांचं काय? अनुभव सांगणारी माणसं खोटं बोलतात असं मला वाटत नाही. पण त्या अनुभवांमागे तीन-चार वेगळ्या गोष्टी असतात. कंबरेत शीर धरली की माणूस एका बाजूला कलून चालतो. दुखणं कमी झालं की सरळ होतो, मालिश केली तरी आणि न केली तरी. तो मुळात हाडांचा बाक नसतोच. दुसरं, एकच एक्स-रे दोघांनी मोजला तरी पाचेक अंशांचा फरक पडू शकतो. त्यामुळे ‘२८ चा २४ झाला’ याला अर्थ नाही. तिसरं, झोपवून काढलेल्या एक्स-रेत बाक उभ्यापेक्षा कमी दिसतो. आधीचा उभ्याने आणि नंतरचा झोपून काढला की चमत्कार तयार. आणि सर्वांत मोठी गोष्ट म्हणजे कित्येक बाक काहीही न करता वाढायचे थांबतात. त्या मधल्या काळात जो कुणी तेल लावत असेल, श्रेय त्याला मिळतं.

भुजंगासन खुशाल करा, पाठ बळकट होते. स्कोलिओसिससाठी खास बसवलेले व्यायामही आहेत. जर्मनीत काटारिना श्रोथ यांनी १९२० च्या दशकात सुरू केलेली पद्धत त्यातली जुनी. शिकलेल्या फिजिओथेरपिस्टकडे नेमाने केले तर थोडाफार फायदा होतो, ब्रेसच्या जोडीला जास्त. खेळ बंद करायचं तर काहीच कारण नाही. उसेन बोल्टला स्कोलिओसिस आहे. मानेला किंवा कण्याला झटका देऊन हाड ‘बसवून’ घेणं मात्र नको.

ब्रेसविषयीचा मजकूर सरळसरळ उलटा आहे. अमेरिका आणि कॅनडातल्या मोठ्या अभ्यासाचा निकाल २०१३ साली आला. १० ते १५ वर्षांची, अजून वाढणारी मुलं, बाक २० ते ४० अंश. वाढ संपेपर्यंत बाक ५० च्या आत राहिला तर यश धरलं. ब्रेस लावलेल्यांत ७२ टक्के यशस्वी, नुसतं लक्ष ठेवलेल्यांत ४८. फरक इतका स्पष्ट होता की अभ्यास ठरल्याआधीच थांबवला. दिवसाला साधारण तेरा तासांहून जास्त वापरणाऱ्यांत यश नव्वद टक्क्यांच्या वर गेलं, आणि सहा तासांच्या आत वापरणाऱ्यांचा निकाल न वापरणाऱ्यांपेक्षा बरा नव्हता. त्या ४८ टक्क्यांकडेही बघा: ब्रेसशिवाय जवळजवळ निम्मी मुलं ऑपरेशनच्या उंबरठ्यापर्यंत गेलीच नाहीत. मालिशवाल्यांचं भांडवल ते हेच.

ब्रेस कणा सरळ करत नाही, वाढीच्या काळात धरून ठेवतो. आंघोळीला, खेळायला, व्यायामाला तो काढतात, त्यामुळे स्नायू दुबळे होण्याची भीती पोकळ आहे. खरा त्रास वेगळा आहे आणि तो कुणी फॉरवर्ड करत नाही. मे महिन्यात कडक प्लास्टिकच्या आत अंग घामाने निथळतं, कडा टोचतात, वर्गात मुलं हसतात. चौदा वर्षांच्या मुलीला हे रोज सोसायला सांगणं सोपं नाही. आत बिनशिवणीचा सुती बनियन, तासांपैकी बरेचसे रात्रीचे आणि वर्गशिक्षकांशी आधी बोलणं, एवढ्याने बरंच निभतं. मेडिकलमध्ये किंवा ऑनलाइन मिळणारा ‘पोश्चर बेल्ट’ म्हणजे हा ब्रेस नव्हे. खरा ब्रेस मापाने, एक्स-रे बघून बनवतात.

एक गोष्ट मजकुरात अजिबात नाही. पाठीला आलेलं प्रत्येक कुबड स्कोलिओसिस नसतं. आपल्याकडे कण्याचा क्षयरोग अजून आहे. रात्री झोपमोड करणारं दुखणं, ताप, वजन उतरणं, पाय लुळे पडणं, लघवीवरचा ताबा जाणं, किंवा दहा वर्षांच्या आतल्या मुलात बाक दिसणं, यांपैकी काहीही असेल तर मालिश सोडा, ब्रेसही नंतर. आधी तपासणी.

ऑपरेशनचा विचार साधारण ४५-५० अंशांपुढे येतो. पॉल हॅरिंग्टन या अमेरिकन सर्जनने पोलिओने कणा वाकलेल्या मुलांसाठी धातूचा रॉड वापरायला सुरुवात केली तेव्हा पेशंटला महिनोन्‌महिने प्लास्टरमध्ये राहावं लागे. आता मणक्यांत स्क्रू बसवून रॉड जोडतात, ऑपरेशन चालू असताना मज्जारज्जूचे संदेश मशीनवर बघत राहतात, आणि मूल एक-दोन दिवसांत उभं राहतं. या वयातल्या साध्या स्कोलिओसिसमध्ये मज्जातंतूंना इजा होण्याचं प्रमाण शंभरात एकाहून कमी आहे. शून्य नाही, आणि तसं सांगणारा सर्जन असेल तर दुसऱ्याचं मत घ्या. जोडलेला भाग पुन्हा वाकत नाही, ही किंमत कायमची आहे.

घाईही नको. अमेरिकेतल्या आयोवात उपचार न केलेल्या पेशंटचा पन्नास वर्षं पाठपुरावा करून २००३ साली निष्कर्ष छापले गेले: पाठदुखी इतरांपेक्षा जास्त, बाक ८० अंशांवर गेलेल्यांत दम लागण्याचा धोका जास्त, पण बहुतेकांनी नोकऱ्या केल्या, संसार केले. म्हणजे ५२ अंशांच्या मुलीचं ऑपरेशन परीक्षेनंतर केलं तर बिघडत नाही.

बाळंतपणाची भीती बहुधा लग्नाच्या भीतीतून आलेली असते, आणि त्यापायी मुलीचे रिपोर्ट कपाटात लपवले जातात. स्कोलिओसिस असलेल्या आणि ऑपरेशन झालेल्या बहुसंख्य स्त्रियांना दिवस राहतात, बाळंतपणंही नीट होतात. अडचण येते ती कंबरेत इंजेक्शन देऊन भूल देताना, रॉड खालच्या मणक्यांपर्यंत असेल तर. त्यासाठी आठव्या महिन्याच्या आतच भूलतज्ज्ञांना भेटावं आणि तेच लपवलेले एक्स-रे सोबत न्यावेत.