फुकट नको, चोरून हवं

नव्या लॅपटॉपचं प्लास्टिक काढलंत? आता त्याची मुंज उरकून घ्या, म्हणजे सीनिअरकडून चोरीच्या सॉफ्टवेअरचा पेनड्राइव्ह आणा. आमच्या वेळी त्यासाठी ग्रँट रोडला उतरून लॅमिंग्टन रोडच्या सीडीवाल्याशी डोळ्यांनीच बोलावं लागायचं. तुमचं नशीब थोर, टेलिग्रामवर सगळं घरबसल्या येतं.

फोल्डरमध्ये 'रीडमी' नावाची सूचनांची फाइल असेल. इंजिनिअरिंगच्या चार वर्षांत तुम्ही शेवटपर्यंत वाचलेला हा एकमेव मजकूर. पहिलीच ओळ: अँटिव्हायरस बंद करा. करा ना! चोर आत यायचा तर वॉचमनला चहाला पाठवायलाच हवं. मग क्रॅक, म्हणजे सॉफ्टवेअरचं कुलूप तोडणारी फाइल, डकवा आणि 'रन ॲज ॲडमिनिस्ट्रेटर' करा. ज्याचं नावगाव ठाऊक नाही त्याच्या हाती घराच्या किल्ल्या द्यायला काय हरकत आहे? बँकेचा पासवर्ड ब्राउझरमध्ये सेव्ह असेल तर दुधात साखर. सबमिशनच्या आदल्या रात्री सगळ्या फायलींना भलतंच शेपूट फुटलं आणि डॉलरमध्ये खंडणी मागणारी चिठ्ठी उमटली, तर सरांना सांगा, लाइट गेली होती. (मुंबईत हे कुणाला पटत नाही, पण प्रयत्न सोडू नका.)

कायद्याला घाबरू नका. 1957 च्या कॉपीराइट कायद्याचं कलम 63ब म्हणतं, जाणूनबुजून चोरीचा प्रोग्रॅम वापरल्यास 7 दिवस ते 3 वर्षं कैद, शिवाय 50 हजार ते 2 लाख दंड. कमाईसाठी वापरला नसेल तर कोर्ट कैद माफ करून 50 हजारांपर्यंतच्या दंडावर सोडू शकतं. म्हणजे एका सेमिस्टरची फी, बस.

एका गोष्टीपासून मात्र चार हात लांब राहा: मुक्त सॉफ्टवेअर. विंडोजच्या जागी चालणारं लिनक्स 1991 पासून पडून आहे. कागदपत्रांसाठी लिबरऑफिस, चित्रांसाठी गिम्प, गणिताच्या महागड्या मॅटलॅबचे बरेचसे प्रोग्रॅम जसेच्या तसे चालवणारं ऑक्टेव्ह, कशालाही क्रॅक लागत नाही. 1983 साली ग्नू हा मुक्त सॉफ्टवेअरचा प्रकल्प जाहीर करणारा रिचर्ड स्टॉलमन सांगून दमला, की मुद्दा फुकटाचा नाही, मोकळीकीचा आहे: वापरा, उघडून बघा, बदला, मित्राला द्या. इंजिनिअरने आणि उघडून बघायचं? भलतंच! त्यात पवईच्या आयआयटीने 'स्पोकन ट्युटोरियल' नावाचे व्हिडिओ धडे काढून यातलं बरंच काही मराठीतही शिकवायला घेतलंय. पण खिशात पास असताना विदाउट जाण्यातली मजा त्यांना काय कळणार?

आणि व्हायव्हाला एक्स्टर्नलने विचारलंच, 'लायसन्स कुठलं?', तर गोंधळू नका. म्हणा, 'लर्निंग आहे सर, पक्कं पुढच्या महिन्यात.'